आपली भिंत

"निवृत्त होताना माणसाने कोणाचंही देणं लागू नये!" मी गर्जलो.

"मग फेडा की घराचं कर्ज," मटार सोलत बायको म्हणाली.

"सगळा फंड त्यात घातला तर खायचं काय?"

"मटार. अहो, भिंती बँकेच्या म्हणून वीस वर्षं एक खिळा ठोकू दिला नाहीत. आपल्या लग्नाचा फोटो अजून साड्यांखाली गुदमरतोय."

लग्नाचा विषय निघाला की माझे हिशेब चुकतात. त्याच आठवड्यात कर्ज फेडलं, पेढे घेतले आणि पळून जाऊन लग्न केल्यासारखे दोघं रिक्षातून खिदळत घरी आलो.

तिने फोटो भिंतीला धरला. मी ऐटीत खिळा टेकवला आणि दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे पाहिलं.

मग कर्जमुक्त अवस्थेतच शेजारची बेल दाबली.

"वहिनी, जरा हातोडी उसनी मिळेल का? उद्या नक्की परत करतो."