विरघळणारा स्क्रू

“डॉक्टर, हा स्क्रू तुम्ही स्वतःच्या मुलीच्या हातात बसवला असता?” ‘विचारून दाखवच,’ असं मैत्रिणींनी म्हटलं होतं, म्हणून मोडलेलं मनगट सांभाळत मी विचारलंच.

डॉक्टर माझ्याऐवजी बाबांकडे बघून हसले. “बोलकी आहे. मॅग्नेशियमचा स्क्रू आहे हा. हाड जुळलं की विरघळतो, काढायला परत ऑपरेशन नको. फार लवकर विरघळू नये म्हणून वर पॉलिमरचा थर. सगळी करामत त्या थरात.” मग रुबाबात त्यांनी नमुन्याचा स्क्रू टेबलावरच्या प्लास्टिकच्या हाडात पिळला आणि परत काढला.

थर सोलून निघाला होता.

“निघाला की हो,” मी म्हणाले.

“मॉडेलचं भोक घट्ट आहे जरा. तू दहावीकडे लक्ष दे, बेटा.” फुंकर मारून त्यांनी पापुद्रे उडवले. माझ्या हाडातलं भोक सैल असणार, असं यांना कोणी सांगितलं? भिंतभर पदव्या टांगल्यात आणि नाकासमोरचं दिसत नाही.

आई संमतीपत्रावर सही करायला पेन शोधत होती.

“आई, राहू दे. बाबा, मी स्टीलचाच बसवून घेणार, काढायला पुन्हा कापलं तरी चालेल. आणि बसवणारे डॉक्टर दुसरे.”