सिंधूची परीक्षा

“म्हंजे त्या पोरीला घरी बसून पास करनार, आन् माझं पोरगं पेपर लिहित बसनार?” नरसिंगराव पाटलांनी हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटला.

हेडमास्तर शेषेरावांनी शेजारी उभ्या असलेल्या हणमंतराव गुरुजींकडे पाहिलं. कल्पना गुरुजींची होती, तेव्हा उत्तरही त्यांनीच द्यावं.

“पाटील, नियम सगळ्या वर्गांना सारखा आहे,” गुरुजी म्हणाले. “वर्षभर जो पहिला, त्याला वार्षिक परीक्षा माफ. नववीत सिंधू पहिली आहे. तुमचा सिद्धेश्वर दुसरा.”

“एवढी हुशार हाय तर बसू द्या की परीक्षेला! परीक्षा म्हनलं की सगळ्यांनी द्यावी, न्हाई तर कुनीच देऊ नये.”

उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाल्यावरचा तो पहिलाच उन्हाळा. असल्या गोष्टीची परवानगी उस्मानाबादला मागायची की लातूरला, हे अहमदपूरकडच्या खेड्यातल्या त्या शाळेत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून शेषेरावांनी कुणालाच न विचारता हो म्हटलं होतं.

पाऊस दगा देऊन गेला होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. पोरं पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभी राहत आणि वर्गात येऊन पेंगत. सिंधूही पेंगायची. पण डोळे उघडले की फळ्यावरचं गणित आधी तिलाच सुटायचं. आईबाप रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरचं पाणी, भाकरी सगळं तिच्याकडं. या पोरीच्या जिवाला आणखी परीक्षेचा घोर कशाला, असं गुरुजींना मनापासून वाटत होतं.

पाटील उठले. दारात थांबून म्हणाले, “बौद्धवाड्यातली हाय म्हनून लाड चालू हायत. मला काय कळत न्हाई का?”

तोवर गुरुजींच्या मनात थोडी चलबिचल होती. त्या बोलण्यानं ती संपली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सिंधू वर्गातच रेंगाळली. सगळे गेल्यावर टेबलाजवळ आली.

“गुरुजी, मला पेपर देऊ द्या.”

गुरुजी हसले. “अगं, तुला माफ झालीय. आता निवांत दहावीच्या तयारीला लाग.”

“न्हाई. मला द्यायचेच हायत.”

गुरुजींचं हसू मावळलं. “घरी कुणी आलं होतं का? पाटलांकडचं?”

तिनं टेबलावरचा खडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

“कुणी दम दिला?”

ती फरशीकडं बघत अगदी हळू म्हणाली, “मग निदान कुठं सांगू तरी नका. आमच्या घरीबी सांगू नका.”

गुरुजींना वाटलं, आपल्याला कळलं. बापाच्या कानावर गेलं तर तो पाटलाच्या दारात जाऊन भांडेल, याची पोरीला धास्ती.

“सिंधू, हक्काची गोष्ट लपवायची नसते. भिऊ नको. मी आहे ना.”

तिनं एकदा वर पाहिलं. काही बोलणार असं वाटलं, पण ती दप्तर उचलून निघून गेली.

गुरुजी त्याच संध्याकाळी सायकलवर टांग मारून रस्त्याच्या कामावर गेले. सिंधूची आई पंचफुलाबाई खडीच्या ढिगाशी बसली होती. गुरुजींना बघताच पदर सावरत लगबगीनं पुढं आली.

“गुरुजी, पोरीचं ऐका. बसू द्या तिला परीक्षेला. माफी-बिफी नगं आमाला.”

“बाई, तुम्हीसुद्धा भिता?”

“भेत न्हाई. पर...”

तेवढ्यात तिचा नवरा साहेबराव घाम पुसत आला, आणि ती बोलता बोलता थांबली.

“कशाची माफी?” साहेबरावानं विचारलं.

गुरुजींनी सायकल स्टँडवर लावली. ही बातमी ताठ मानेनं सांगायची होती. “तुमची सिंधू वर्गात पहिली आहे. तिला परीक्षाच द्यायची नाही. ती आत्ताच पास झाली. दहावीत गेली!”

साहेबरावानं वाकून गुरुजींचे पाय धरले.

“लई उपकार केले, गुरुजी. माझ्या डोस्क्यावरचं मोठं वझं उतरवलं तुमी.”

त्याचे डोळे भरून आले होते. गुरुजींचेही आले. पंचफुलाबाई तेवढी माघारी वळली आणि ढिगाशी जाऊन बसली. हातोडा तिनं पुन्हा उचलला नाही.

परीक्षा सुरू झाली. सिद्धेश्वर मान खाली घालून पेपर लिहीत होता. सिंधूच्या रिकाम्या जागेकडं गुरुजींची नजर जाई, तेव्हा त्यांची छाती अभिमानानं भरून येई. मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत आपल्या हातून एक तरी काम नीट झालं, असं त्यांना वाटे.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ते बौद्धवाड्याकडं निघाले. दहावीची पुस्तकं त्यांनी ओळखीच्या पोरांकडून गोळा केली होती. पंचफुलाबाई दारात बसून सुपात रेशनची मिलो ज्वारी पाखडत होती.

“सिंधू कुठंय? बघा, काय आणलंय तिला.”

तिनं सूप खाली ठेवलं. पुस्तकांकडं पाहिलं. त्यांना हात लावला नाही.

“नांदायला गेली.”

गुरुजींना शब्द कळले, अर्थ कळेना. “कुठं गेली?”

“पावने पुन्याकडं कामाला निघाले होते. लगीन उरकूनच जायचं म्हनत होते. एक तोंड कमी हुईल म्हनून तिच्या बापाला घाई. मी आडून बसले, पेपर झाल्याबिगर पोरगी देनार न्हाई म्हनून. त्येनंबी कबूल केलतं. पेपर संपंस्तोर पावने थांबनार नव्हते, दुसरीकडं सोयरीक बगनार होते.”

तिनं पदर तोंडाला लावला.

“तेवढी एक परीक्षाच आडवी होती, गुरुजी.”