लंगोटांना खळ

बाळ भोकाड पसरून रडत होतं आणि आजोबा भार्गवराव त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. नेमकी त्याच वेळी सून शलाका बँकेतून घरी आली.

बाळंतपणाच्या रजेनंतरचा तिचा हा पहिलाच दिवस. बाळाला डायपरनं पुरळ उठायचं आणि लंगोट धुवायला कामवाली तयार नव्हती. शलाकानं राजीनामा लिहूनही ठेवला होता, पण भार्गवराव म्हणाले, "मी धुतो. तू जा." चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवायला जाताना घालायचे लेंगे स्वतः धुतले होते. खळ करण्यात साताऱ्यात आपल्याला तोड नाही, असं त्यांचं नम्र मत होतं.

शलाकानं बाळाचा लंगोट चाचपला. पत्र्यासारखा कडक! दोरीवरचा दुसरा काढून तिनं टेबलावर ठेवला, तर तो तंबूसारखा उभाच राहिला.

"बाबा, लंगोटांना खळ केलीत?"

"नीळही घातली. पहिलाच नातू, गबाळा दिसू नये." मग त्यांचा आवाज उतरला. "उद्या राजीनामा देशील ना?"

शलाका हसत सुटली. तिचं हसू ऐकून बाळसुद्धा दचकून गप्प झालं. तिनं त्याला जुन्या ओढणीचा मऊ तुकडा गुंडाळला.

"राजीनामा कशाला? इतके स्वच्छ लंगोट मी कुठं बघितले नव्हते. उद्या खळीशिवाय धुवा. मी साडेनऊला निघते."

भार्गवरावांनी चष्मा पुसला आणि बादली उचलली.

"उपकार झाले, सूनबाई. या वयात कोण कामावर ठेवतं?"