दोन घरांची वीज

राहनाळ गावातील जमीनमालक दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू धनेश यांच्या घरांच्या मधोमध एक खोली होती व तिच्यावर दोघांचाही दावा होता. या वादामुळे तेथील भाडेकरू गोदूबाई यांना स्वतःचे मीटर मिळेना. त्यांच्या यजमानांचे प्राणवायूचे यंत्र दाजींच्या घरून ओढलेल्या वायरीवर अहोरात्र चालत असे.

एके सायंकाळी टीव्हीवर वार्ता झळकली की, दोन महासत्तांच्या वैरापायी एका चिमुकल्या देशाचे तेल अडविले गेले असून तेथील रुग्णालये अंधारात बुडाली आहेत. दाजींचे नेत्र पाणावले.

"भांडतात मोठे नि मरतात गरीब. यांना काळीज हाय का न्हाय?" ते पत्नीस म्हणाले.

इतक्यात गोदूबाईंनी धनेशकडेही वायर मागितल्याचे त्यांच्या कानी आले. ते तडक उठले व त्यांनी आपली वायर उपटली.

"जा, आता त्याच्याकडनंच घे."

गोदूबाई धावत धनेशच्या दारी गेल्या. "भाऊ, यांचा श्वास अडकलाय. तेवढी वायर जोडा."

"जोडतो की. पण खोली आमची हाय, या कागदावर आधी अंगठा दे."

गोदूबाईंनी तत्क्षणी अंगठा उमटविला. परंतु कागद रीतसर व्हावा म्हणून धनेशने दोन साक्षीदारांना बोलावणे धाडले. ते चहा पिऊन सावकाश येईपर्यंत यंत्राची गरज उरली नव्हती.

 

दुसऱ्या दिवशी दोन्ही बंधूंनी स्मशानात सुक्या लाकडांचा एकेक टेम्पो पाठविला. इंधनाची टंचाई कोणीही भासू दिली नाही.