दुपारचं बोलणं

मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होता. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत चेन्नईच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तो कानाला लावला, थोडं ऐकलं आणि मान हलवली. तमिळ नाही. मग तेलंगणाच्या एका व्यापाऱ्यानं ऐकलं. "दो-चार शब्द अपने जैसे लगते हैं, पर भाषा अपनी नहीं." भिवाजींनी मोबाईल परत घेतला. त्यातला आवाज त्यांच्या सुनेचा होता.

सुप्रीता उन्हाळ्यात तिगावला आली. गजेंद्रनं बेंगळुरूला असताना तिच्याशी लग्न केलं होतं. भिवाजी लग्नाला गेले नव्हते. पुढे त्याला बोरगावच्या कारखान्यात काम मिळालं आणि तो तिला घेऊन घरी परत आला. सकाळीच निघायचा, अंधार पडल्यावर यायचा. त्याची आई केव्हाच वारली होती. दिवसभर घरात सासरा आणि सून. तिला मराठी येत नव्हती, आणि हिंदीत तिच्याशी काय बोलावं ते भिवाजींना सुचत नव्हतं. ती ताट वाढून आत जायची. हे जेवून ताट मोरीत ठेवायचे.

दुपारी मात्र स्वयंपाकघरातून तिचं बोलणं ऐकू यायचं. भरभर बोलायची, मधेच थांबायची, मधेच हसायची.

"माहेरी फोन करून राहिली असन," शेजारच्या छायाबाई म्हणाल्या होत्या. "तुमचंच गाऱ्हाणं गात असन. एक दिवस गजेंद्रले घेऊन जाईन, पाहा."

ते भिवाजींच्या डोक्यातून जाईना. पोरगा एकदा दूर गेला होता तेव्हाचं रिकामं घर त्यांना आठवत होतं. ती बोलते तरी काय, ते कळायला हवं होतं. एका दुपारी त्यांनी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला.

शेवटी मंगळूरचा व्यापारी भेटला. संत्र्यांच्या ढिगापाशी उभं राहून त्यानं मोबाईल कानाला लावला. पहिल्याच वाक्याला त्याचा चेहरा उजळला.

"अरे, ये तो तुळू है! हमारे घर की बोली."

"काय म्हणते? माह्याबद्दल काही?" भिवाजींना हिंदी सुचलीच नाही.

व्यापारी ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पूछ रही है, वणस आंडा? मतलब, खाना हुआ?"

"किस को? उस की माँ को?"

"नहीं." त्यानं मोबाईल भिवाजींच्या हातात ठेवला. "जवाब भी वही दे रही है. हाँ, हुआ. मछली थी? नहीं, यहाँ नहीं बनती. दोनों आवाज एक ही लड़की की है. बाबा, उस के सामने कोई नहीं है."

भिवाजी तिथंच उभे राहिले. त्यांच्या मालाची बोली सुरू झाली होती. कोणीतरी त्यांना दोनदा हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. मग ते पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे गेले आणि ते दोन शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतले. तिगावच्या ऑटोत ते ओठातल्या ओठात तेच पुटपुटत होते. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं, म्हातारा जप करून राहिला.

घरी आले तेव्हा सुप्रीता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. भिवाजी दारात थांबले. ती आल्यापासून त्यांनी तिला काहीच विचारलं नव्हतं. साधं जेवली का, हेही नाही. त्यांनी घसा खाकरला.

"वणस... आंडा?"

सुप्रीता दचकून वळली. आणि त्यांच्या खांद्यावरून मागे, अंगणात कोण आलंय ते शोधू लागली.