बालाक!

"निहार! ए निहार!" गौतमीचा आवाज मोरोक्कोतल्या फेजच्या त्या जुन्या बोळात दोन दुकानांपलीकडेही पोचेना. तांबट भांडी ठोकत होते, गर्दी अंगावर येत होती, आणि निहारचा दम्याचा पंप हिच्या पर्समध्ये होता! कातडी कमावायच्या कुंडांचा वास नाकात गेल्यापासून तो खोकत होता. पाणी घ्यायला ही जरा मागे थांबली काय, अन् गडी दिसेनासाच झाला.

सकाळपासून नुसती धमाल चालली होती. इथले खेचरवाले "बालाक! बालाक!" ओरडत येतात, म्हणजे बाजूला व्हा. पण चौघांत निहार सगळ्यात लहान, म्हणून प्रत्येक हाकेला हे टोळकं त्याला चिडवायचं, "बालक, जा रे, तुला बोलावतायत!" तोही हात वर करून म्हणायचा, "आलो, काका!"

आता त्याला शोधायला पराग एका बोळात धावला होता, मीनल दुसऱ्यात. फोन लागत नव्हता. गौतमीनं डोळे गच्च मिटले आणि बेंबीच्या देठापासून तोंडाला येईल ते ओरडली, "बालाऽऽक!"

अख्खा बोळ दचकून दोन्ही भिंतींना चिकटला. टोपलीवाले, बायका, म्हातारेकोतारे, सगळे. मधली वाट लख्ख मोकळी झाली. आणि तिच्या पार टोकाला, पायरीवर वाकून बसलेल्या एकानंच, मान वर न करता, हात वर केला.