घरच्यांना विचारल्याशिवाय

दहावीत नापास झालो तेव्हा रोज हाच बघायचो.

पालीला घाबरतो? वज्रकेत?

सहा बाय चार.

माझ्या पोराचं नाव वज्र आहे. आता शाळेत त्याला काय म्हणतील?

हसून हसून जबडा दुखला राव.

आवाज ज्यानं दिला तो जालन्याकडचा आहे म्हणे. गाव सांगा फक्त.

कार्टूनखालच्या या कमेंट कल्याण मोबाईलवरून मोठ्यानं वाचत होता. 'सहा बाय चार' तेवढं अबुजरसाठी होतं, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचं माप. शुक्रवारची नमाज आटोपून अबुजरनं तीर्थपुरीतलं आपलं फ्लेक्सचं दुकान नुकतंच उघडलं होतं. पडद्यावर त्यानं हार आणि समईची नेहमीची चौकट काढली.

"कोण वारलं?"

"वज्रकेत," कल्याणसोबत आलेला बबलू म्हणाला.

अबुजर हसला. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

वज्रकेत लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेला. वीस वर्षांपूर्वीचं कार्टून. त्यातला नायक एकदाही हसला नव्हता. परवा त्याचा नवा अवतार आला. पोट सुटलेला, राक्षसासमोर भजे खाणारा, आणि बोलायला थेट इकडचा. "थांब की जरा, मी मारून राह्यलो नं तुला," असं तो म्हणाला की पुण्या-मुंबईचे लोक खाली कमेंटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लावत.

"आपल्या बोलण्यावर हसून राह्यले ते," कल्याण म्हणाला. "अन् बोलणारा कोण? आपलाच. कुंभार पिंपळगावचा."

त्यानं फोटो पाठवला. निळ्या शर्टातला, चाळिशीचा माणूस, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा.

"हे तर प्रितमभाई," अबुजर म्हणाला. "जिंदा माणूस हाय. कार्टूनचा फोटो टाका न मंग."

"त्याचा टाकला तर कंपनी केस करते. याचा टाकला तर कोण करतं?" कल्याण म्हणाला.

बबलू खुर्ची ओढून दाराशी बसला. अबुजरनं अक्षरं बसवली.

भावपूर्ण श्रद्धांजली
कै. प्रितम रखमाजी
दुःखद निधन :
शोकाकुल : समस्त वज्रकेतप्रेमी

"तारीख?"

"ती राहू दे आत्ता. बाकीचं बराबर हाय."

अबुजरचा एक नियम होता. श्रद्धांजलीचा फ्लेक्स तो घरच्यांना फोन लावून, नाव आणि तारीख त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय छापत नसे. मंठ्याच्या एका गिऱ्हाइकानं रागाच्या भरात आपल्या जिवंत सासऱ्याचा छापून नेला होता, तेव्हापासून. प्रितमच्या आईचा, सोनूबाईचा नंबर त्याच्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा, रखमाजीचा फ्लेक्स त्यानंच छापलेला.

"घरच्यांना इचारल्याशिवाय मी छापत न्हाई," तो म्हणाला. त्याला वाटलं, एवढ्यानं हे उठतील. नाहीतर म्हातारीचा आवाज ऐकून तरी ओशाळतील.

"लाव की मंग," कल्याण म्हणाला. "स्पीकरवर लाव."

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"कोण, अबुजर? बोल बाबा."

त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. विचारलं वेगळंच.

"मावशी, प्रितमभाई बरे हायेत ना?"

"अगं माय, तुला कसं कळलं? येऊन राह्यला नं तो! रविवारी, बाराच्या गाडीनं. फाट्यावर उतरून पायी येतो म्हणला. म्या म्हणलं, येवढ्या उन्हात नको बाबा, कोणाची तरी गाडी…"

अबुजरचा अंगठा फोन बंद करायला गेला. बबलूचा तळहात आधीच फोनवर होता.

"आम्ही आणतो की मावशी," कल्याण म्हणाला.

"हे कोण बोलून राह्यलं?"

"त्याचे चाहते. तीर्थपुरीचे."

पलीकडे सोनूबाईनं नाक ओढलं.

"लई बरं केलं. इथं त्याला कोणी इचारीत न्हाई. म्हणतात, तोंडाचे आवाज काढून कुठं घर चालतं का. किती जण हाय तुम्ही?"

कल्याणनं बबलूकडे पाहिलं.

"अकरा," बबलू म्हणाला.

"अकरा तर अकरा. जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई. अबुजर, तू बी ये रे यांच्यासंगं."

"मावशी, तुम्ही त्याला सांगा की…"

बबलूनं फोन कापला. कल्याणनं तो उचलून स्वतःच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं.

"सोमवारी देतो," तो म्हणाला. "इचारलं ना घरच्यांना? आता तारीख टाक."

"कोणती?"

"आत्ता सांगितली न त्यांनी."

अबुजर हलला नाही. तेव्हा कल्याणनं वाकून कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं, चुका दुरुस्त करत, रविवार लिहिलं. मशीनचं बटण कुठलं ते त्याला विचारावं लागलं नाही. छपाईची पट्टी डावी-उजवी सरकू लागली. आधी वरची फुलं आली, मग केस, मग कपाळ. मशीन सावकाश चालत होतं. हसणारे डोळे यायला बराच वेळ होता.

वीस वर्षांपूर्वीच्या कार्टूनमध्ये आवाज देणाऱ्यांची नावं दाखवत नसत; तो वज्रकेतही प्रितमच बोलला होता.